रुंद पडदा आणि भिंतीवरचं बटण

बुलडाण्यात बसून मॉनिटरवर लिहायचं म्हणजे जरा गंमतच आहे. (बुलडाणा की बुलढाणा, हा वाद पुन्हा कधीतरी. गावातल्या पाट्यांचंही त्यावर एकमत नाही.) पण २०२० नंतर पुण्या-बंगळूरचं काम घरी घेऊन आलेले माझ्यासारखे इथे बरेच जण आहेत. दिवसभर खोलीचं दार लोटून घेतात, कानाला काहीतरी लावून इंग्रजीत बोलतात आणि शेजारच्या काकूंना वाटतं याची नोकरी गेली. अशा माणसाची नातेवाइकांत एक ख्याती होते, "कॉम्प्युटरचं याला समजतं." या ख्यातीचा उपयोग काही नाही, प्रश्न मात्र फुकट येतात. हल्लीचा प्रश्न असा, "तो मोठा, आडवा, वाकवलेला ओलेड मॉनिटर घ्यावा का? त्याच्यावर डाग पडतो म्हणतात, खरं का?"

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे घाईत असलेल्यांनी पुढे वाचलं नाही तरी चालेल. ज्याला रोज आठ-नऊ तास एकाच तऱ्हेचं काम करायचंय आणि जो आपल्याकडच्या घरात किंवा दुकानात बसून करणार आहे, त्याने हा मॉनिटर सध्या घेऊ नये. लोक डागाला घाबरतात. मी भिंतीवरच्या बटणाला जास्त घाबरतो. ते कसं, त्याकडे येतोच.

आधी डाग म्हणजे काय ते बघू. साध्या एलसीडी पडद्याच्या मागे दिवा असतो आणि पुढचा काचेचा थर झडपा उघडतो-मिटतो. रंग थराचा, उजेड मागच्या दिव्याचा. ओलेडमध्ये मागे दिवाच नाही. प्रत्येक ठिपका स्वतःच पेटतो. सेंद्रिय रसायनाचा अतिशय पातळ थर, त्यातून वीज गेली की उजेड. कोडॅक कंपनीतल्या चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक या दोघांनी १९८७ साली याचा पहिला कामाचा नमुना प्रसिद्ध केला. (फिल्मचे रोळ विकणाऱ्या कोडॅकने हेही केलं होतं आणि डिजिटल कॅमेराही केला होता. दोन्हींतून पैसा दुसऱ्यांनी कमावला. असो.) काळा रंग दाखवायचा तर ठिपका सरळ विझतो, म्हणून ओलेडचा काळा हा खरोखर काळा असतो. अंधाऱ्या खोलीत एकदा बघितलं की साधा पडदा धुतलेल्या सदऱ्यासारखा फिका वाटायला लागतो, हे मी नाकारत नाही.

पण जो पेटतो तो झिजतो. निळा प्रकाश सगळ्यात जास्त ऊर्जेचा, म्हणून निळ्याचं रसायन सगळ्यात आधी थकतं. उजेड दुप्पट ठेवला तर आयुष्य निम्म्याहूनही कमी होतं, आणि उष्णता असेल तर आणखी लवकर. सगळे ठिपके सारखे झिजले असते तर कुणाला कळलंही नसतं, पडदा हळूहळू थोडा मंद झाला असता इतकंच. घोटाळा होतो तो असमान झिजण्यामुळे. खालची पट्टी, कोपऱ्यातलं घड्याळ, एक्सेलच्या वरच्या ओळी वर्षभर जागच्या जागी राहिल्या की तिथले ठिपके शेजाऱ्यांपेक्षा म्हातारे होतात. मग राखाडी रंगाचं काही समोर आलं की ती पट्टी भुतासारखी दिसते. यालाच बर्न-इन म्हणतात. जळत काहीच नाही, शेजाऱ्याशेजाऱ्यांची वयं जुळत नाहीत, एवढंच.

ही गोष्ट आपल्याला नवीन नाही बरं का. जुन्या काचेच्या नळीच्या मॉनिटरवर हेच व्हायचं. एटीएमचा पडदा आठवा, "आपले कार्ड घाला" ही अक्षरं पुढच्या चित्राच्या मागेही दिसत राहायची. त्यासाठीच तर स्क्रीनसेव्हर आले. १९८९ सालच्या 'आफ्टर डार्क'मध्ये पंख असलेले टोस्टर उडायचे. आमच्याकडच्या सायबर कॅफेत टोस्टर कुणी बघितले नव्हते, तिथे "श्री गजानन प्रसन्न" ही अक्षरं उजवीकडून डावीकडे सरकायची. पडदा वाचवायला आहे हे कुणाला माहीत नव्हतं, शोभेची गोष्ट वाटायची. मग एलसीडी आला, डागाची भीती गेली, आणि वीसेक वर्षांत आपण सगळे विसरून गेलो की पडद्यालाही वय असतं.

आता रुंद पडद्याचं. मोठा ओलेड रुंद मॉनिटर सर्वांच्या नजरेत आला तो २०२२ साली, एलियनवेअरच्या ३४ इंची मॉडेलमुळे. त्यात सॅमसंगचं पॅनेल होतं. पाठोपाठ एलजीच्या पॅनेलचे ४५ इंची आले, त्यातला कोर्सेअरचा एक तर हाताने वाकवून सरळ करता येतो, आणि २०२३ मध्ये सॅमसंगचा ४९ इंची आला. हे सगळे मुळात खेळांसाठी. घेणारा मात्र घरी सांगतो, "कामासाठी घेतोय."

आणि कामासाठीच रुंदपणा नडतो. ३४ इंची पडद्यावर आडवे ३४४० ठिपके आणि उभे १४४०. यावर तुम्ही क्रिकेटची मॅच लावली तर मॅचचं चित्र १६ ला ९ च्या मापाचं, म्हणजे २५६० ठिपक्यांत बसतं. उरलेले ८८०, दोन्ही बाजूंना ४४०-४४०, काळे. काळे म्हणजे विझलेले. विझलेले म्हणजे न झिजणारे. दोन वर्षं रोज संध्याकाळी असंच चाललं की मधला भाग थकलेला आणि कडेच्या दोन पट्ट्या कोऱ्या करकरीत. ४९ इंचीवर तर बरोबर अर्धा पडदा मॅच बघतो आणि अर्धा आराम करतो. काम करताना उलटी तऱ्हा. रुंद पडद्यावर माणूस खिडक्या शेजारीशेजारी लावतो आणि त्यांची शीव रोज त्याच जागी येते. 'मॉनिटर्स अनबॉक्स्ड' या ऑस्ट्रेलियन चॅनेलवाल्याने २०२४ मध्ये ३२ इंची ओलेड मुद्दाम ऑफिसच्या कामाला जुंपला, काळजी न घेता. काही महिन्यांतच दोन खिडक्यांच्या मधोमध पुसटशी उभी रेघ आणि खाली पट्टीची सावली दिसायला लागली. पुसट हा शब्द महत्त्वाचा. राखाडी पडदा लावून शोधल्याशिवाय ती सहज दिसत नव्हती. पण ती तिथे होती आणि जाणारी नव्हती.

यावर मला हमखास ऐकवलं जातं, "अरे, तुझ्या खिशातल्या फोनलाही ओलेडच आहे ना? त्याला कुठे काय झालं?" प्रश्न रास्त आहे. पण फोनचा पडदा अर्ध्या मिनिटात झोपतो. आपण त्याच्यावर सतत वरखाली करत असतो, आणि तीन-चार वर्षांत तो कुणाला तरी देऊन टाकतो. मॉनिटर सकाळी नऊला पेटतो तो संध्याकाळी सातला विझतो, आणि आपल्या घरात मॉनिटर दहा वर्षं टिकायचा असतो. आधी माझा, मग मुलाचा, मग वडिलांच्या खोलीत सीसीटीव्हीला.

आता खरी अडचण माझ्या मामेभावाची. त्याचा चिखलीला फोटो स्टुडिओ आहे. लग्नसराईत शूटिंग, बाकी वर्ष अल्बम. ज्यांच्या घरी गेल्या पंधरा वर्षांत लग्न झालंय त्यांना तो अल्बम माहीत असेल, जाड पुठ्ठ्याच्या पानांचा, उघडला की मांडीवर मावत नाही. त्याचं उघडलेलं पान १२ बाय ३६ इंचाचं. ही शीट तो साध्या मॉनिटरवर जुळवतो तेव्हा नवरदेव डावीकडे आणि वरात उजवीकडे अशी सारखी सरकवासरकव करावी लागते. एके दिवशी त्याचा फोन, "दादा, एकोणपन्नास इंची बघितला. आख्खी शीट बसते त्यात. घेऊन टाकू काय?"

मी हिशेब केला आणि गप्प झालो. ४९ इंचीची रुंदी साधारण ४७ इंच, उंची सव्वातेरा. म्हणजे १२ बाय ३६ ची शीट त्यावर खऱ्याखुऱ्या आकारात बसते! उजवीकडे अकरा इंच हत्यारांच्या खिडक्यांना उरतात, वर इंच-सव्वा इंच मेनूला. जणू कुणीतरी आपल्या लग्नाच्या अल्बमचं माप घेऊनच मॉनिटर बनवला. हे कोरियातल्या इंजिनिअरांना कळलं तर तेही चकित होतील.

पण हाच उपयोग त्या पडद्याच्या आयुष्यावर उठणारा. फोटोशॉपची हत्यारं वर्षभर एकाच जागी, शीटची पांढरी कड एकाच जागी, आणि हे रोज दहा तास. शिवाय ओलेड पूर्ण पांढरा पडदा पेटवू शकतो तो मंदच, कारण सगळेच ठिपके एकदम पेटले की वीज आणि उष्णता आवरावी लागते. छोटी खिडकी लख्ख आणि तीच मोठी केली की फिकी, हे गोऱ्यामोऱ्या चेहऱ्यांचे रंग जुळवणाऱ्याला फार त्रासाचं. रंगांचा पल्लाही छपाईपेक्षा मोठा. सेटिंग नीट लावलं नाही तर पडद्यावर नवरीचा शालू पेटल्यासारखा लाल दिसतो आणि लॅबमधून छापून येतो तेव्हा विटकरी. मग नवरीची आत्या स्टुडिओत येते.

इथपर्यंतचं सगळं तुम्हाला कुठल्याही गावात लागू आहे. आता आपल्या भिंतीवरच्या बटणाकडे येतो.

ओलेड मॉनिटर स्वतःची झीज स्वतः मोजतो. साधारण चार तासांचा वापर झाला की तो म्हणतो, मला थोडा वेळ द्या. मग पडदा काळा करून पाच-दहा मिनिटं प्रत्येक ठिपक्याची विजेची मोजणी करतो, आणि जो थकलाय त्याला पुढच्या वेळी किंचित जास्त वीज द्यायची असा हिशेब लिहून ठेवतो. झीज यातून भरत नाही, फक्त दिसेनाशी होते. याची मोठी आवृत्तीही असते. पहिल्या एलियनवेअरमध्ये ती १५०० तासांनी यायची आणि तासभर चालायची. रोज नऊ तास धरले तर साडेपाच महिन्यांनी एकदा. या गोष्टी तुम्ही मॉनिटर बंद केल्यावर, तो झोपेत असताना होतात. आणि पुस्तिका बजावते की हे चालू असताना वीज काढू नका.

आता तुमच्या घरात रात्री काय होतं ते आठवा. आमच्या घरात दहा वाजता वडील उठतात आणि एकेक बटण बंद करत येतात. टीव्हीचं, मोबाइलच्या चार्जरचं, कॉम्प्युटरचं. "लाल दिवा जळतोय, बिल येतं." आणि ते काही चुकीचं नाही. रात्री दोनला वीज जाऊन उच्च दाबाने परत आली तर लाल दिव्याच्या मागचं सगळं जातं, हे त्यांनी दोनदा बघितलंय. मे-जूनमध्ये ढग गडगडले की तर बटणावरही भरवसा नाही, पिनच काढायची. ही शिस्त आपण भारनियमनाच्या वर्षांत शिकलो. २००५ च्या आगेमागे खेड्यात दिवसाचा मोठा भाग वीज नसायची आणि येताना कशी येईल याचा नेम नसायचा. त्या शिस्तीने कित्येक टीव्ही वाचवले. आणि नेमकी तीच शिस्त ओलेडला मारक. मॉनिटर आपली हिशेबाची वही उघडतो, आणि आपण दिवा मालवतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. कंपनीच्या प्रयोगशाळेत जे आयुष्य मोजलंय ते रात्रभर वीज मिळणाऱ्या मॉनिटरचं आहे. चिखलीतल्या स्टुडिओत शटर ओढताना मेन स्विच खाली करणाऱ्याच्या मॉनिटरचं कुणी मोजलंय असं मला तरी वाटत नाही.

मामेभावाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "मंग मेन चालू ठेवीन." मी म्हटलं, "ठेव. आणि मामांना कोण सांगणार?" फोनवर थोडा वेळ शांतता.

उष्णतेचंही बघा. बुलडाणा घाटावर आहे, ब्रिटिशांच्या काळापासून वऱ्हाडातलं थंड गाव म्हणून त्याचं नाव. इथे मे महिना सोसतो. पण राजूर घाट उतरून मलकापूरला जा, किंवा बोथ्याच्या बाजूने खामगाव-शेगावकडे जा, पूर्णेच्या खोऱ्यात मेमध्ये पारा ४४ च्या वरही जातो. बहुतेक मॉनिटरच्या पुस्तिकेत चालवण्याची कमाल मर्यादा ४० अंश लिहिलेली असते. ती कुणी वाचत नाही. पत्र्याच्या छताखालच्या दुकानात दुपारी दोनला खोलीतलाच पारा त्या मर्यादेच्या पुढे असतो, मॉनिटरच्या पोटात तर विचारूच नका. त्यावर उपाय म्हणून कूलर, आणि कूलरचा ओला वारा नेमका टेबलावर. पहिल्या एलियनवेअरमध्ये तर थंड ठेवायला पंखे होते. खामगावच्या जिनिंगजवळ राहणाऱ्याने असा पंखा कापसाचं काय काय ओढेल याची कल्पना करावी. नंतरच्या पुष्कळ मॉडेलांतून पंखे गेले, हे बरं झालं.

आता जरा उलट बाजू, नाहीतर म्हणाल हा नुसता घाबरवतो. साधा एलसीडी अमर नाही. कॅनडातल्या 'आर्टिंग्ज' या परीक्षण करणाऱ्या संस्थेने २०२२ च्या अखेरीस १०० टीव्ही एकत्र लावले आणि दिवसरात्र सीएनएनची वाहिनी दाखवत ठेवली. ओलेडवर बोधचिन्हाच्या आणि खालच्या पट्टीच्या खुणा उमटल्या हे अपेक्षितच होतं. पण कडेला दिवे असलेले सडपातळ एलसीडीही तिथे धडाधड आजारी पडले. उष्णतेने आतले थर वाकले, तडकले, दिवे गेले. त्यामुळे "एलसीडी घ्या आणि निर्धास्त व्हा" असं मी म्हणणार नाही.

फरक एका गोष्टीत आहे, आणि ती माझ्या मते सगळ्यात मोठी. एलसीडीचा दिवा गेला तर आपल्याकडे तो बदलणारा माणूस आहे. आठवडी बाजाराच्या प्रत्येक गावात एक टीव्ही मेकॅनिक असतो. त्याने काचेच्या नळीच्या काळात ईएचटी बदलल्या, मग एलसीडी आल्यावर 'आता आपला धंदा बसला' म्हणून वर्षभर उदास बसला, आणि मग एलईडीच्या पट्ट्या बदलायला शिकला. पडदा उघडतो, थर एकेक करून जुन्या चादरीवर मांडतो, मेलेली पट्टी काढतो, नवी चिकटवतो. टीव्ही आणखी चार वर्षं चालतो. ओलेडमध्ये त्याच्या हाताला काहीच लागत नाही. चित्र आणि दिवा एकच झाल्यावर दिवा तेवढा बदलायचा कसा? पॅनेलच बदलायचं, आणि पॅनेल म्हणजे जवळजवळ मॉनिटरच. त्या मेकॅनिकच्या दुकानात मी एकदा सहज विचारलं, ओलेड आला तर काय कराल? तो म्हणाला, "खोक्यात घालून परत देऊ." इतकं अचूक परीक्षण मी कुठल्या चॅनेलवर ऐकलेलं नाही.

मग सगळा भरवसा वॉरंटीवर. डेलने २०२२ मध्ये एलियनवेअरसाठी बर्न-इनसकट तीन वर्षांची वॉरंटी जाहीर केली, तेव्हापासून इतरही बऱ्याच कंपन्या तशी देतात. चांगली गोष्ट आहे. पण वेबसाइटवर वाचलेली वॉरंटी कुठल्या देशाची आहे ते बघा. भारतातल्या बिलासोबतच्या कागदावर बर्न-इन हा शब्द आहे का ते बघा. आणि घरी येऊन बदलून देणार की सेवा केंद्रात नेऊन द्यायचं ते विचारा. केंद्र अकोल्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला असेल तर सव्वा मीटर लांबीचं खोकं एसटीत कुठे ठेवणार? कंडक्टरला "काच आहे, सांभाळून" म्हणायचं आणि घाटाची वळणं मोजायची.

आणखी एक बाब मराठी वाचणाऱ्यांसाठी. सॅमसंगच्या ज्या ओलेड पॅनेलांत लाल, हिरवा, निळा हे ठिपके त्रिकोणात मांडलेले असतात, तिथे आडव्या कडेवर रंगाची झाक दिसते, वर हिरवट आणि खाली जांभळट. इंग्रजी अक्षरांत आडव्या रेघा तुटक असतात, म्हणून ते खपून जातं. आपली शिरोरेषा मात्र शब्दभर सलग. त्यामुळे ही झाक शब्दाच्या डोक्यावरून लांबच लांब जाते. ३४ इंचीवर इंचाला ११० ठिपके, तिथे बारकाईने बघितलं तर जाणवते. ४५ इंचीच्या पहिल्या मॉडेलांत मांडणी वेगळी असली तरी इंचाला ८३ च ठिपके, म्हणजे अक्षरं तशीच भरड. अलीकडे सरळ उभ्या पट्ट्यांची मांडणी असलेली पॅनेलही जाहीर झाली आहेत, त्यांनी हा त्रास कमी व्हावा. जो दिवसभर मराठी मजकूर बघतो, पत्रिका जुळवतो, फ्लेक्स बनवतो, त्याने पैसे मोजण्याआधी दुकानात मराठीत एक पानभर मजकूर उघडून बघावा. दुकानदार नेहमी समुद्रातले मासे आणि काळ्या पार्श्वभूमीवरची फुलं दाखवतो. मासे बघायला आपण मॉनिटर घेत नाही.

आणि हो, उजेड. ज्या काळ्या रंगासाठी एवढे पैसे द्यायचे, तो काळा याच सॅमसंगच्या पॅनेलवर उजेडात राखाडी-जांभळट दिसतो, कारण बाहेरचा प्रकाश गिळणारा थर त्यात नसतो. आपल्या घरात दार दिवसभर उघडं, दोन ट्यूबलाइट, समोर पांढरी भिंत. हा मॉनिटर पडदे ओढून बसणाऱ्या एकट्या माणसासाठी आहे. आपल्याकडे तसं बसलं तर घरचे विचारतात, बरं वाटत नाही का?

शेवटी मामेभावाने २७ इंची साधे आयपीएसचे दोन घेतले, एक शीटला, एक हत्यारांच्या खिडक्यांना. नवरदेव आणि वरात यांच्यात अजूनही थोडी सरकवासरकव होते. उरलेल्या पैशांत रंग जुळवायचं यंत्र आणि एक चांगली लेन्स आली. तो मधूनमधून त्या एकोणपन्नास इंचीचे फोटो मला पाठवतो, खाली काही लिहीत नाही.

ज्यांना खेळायचंय, सिनेमे बघायचेत, संध्याकाळी दोन-तीन तास वापरायचाय आणि पैशांची ओढाताण नाही, त्यांनी खुशाल घ्यावा. त्यांना डाग दिसायच्या आत त्यांचं मन नव्या मॉडेलवर गेलेलं असेल. थोडी स्वस्ताईही झालीय. ३२ इंचांपेक्षा मोठ्या मॉनिटरवर २८ टक्के जीएसटी होता आणि ३२ पर्यंत १८, त्यामुळे दोन इंचांच्या फरकाला दहा टक्के दंड पडायचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्यांवरही १८ झाला.

घेणारच असाल तर उजेड कमी ठेवा, खालची पट्टी आपोआप लपेल असं करा, पाठीमागे सरळ काळा रंग ठेवा. देवाचा फोटो ठेवायचा तर रोज बदलता ठेवा. आणि मॉनिटरला स्वतंत्र छोटा यूपीएस द्या. सहाशे व्हीएच्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी असते, म्हणजे कागदावर ८४ वॅट-तास. यूपीएसने स्वतः खाल्लेलं वजा केलं तरी झोपलेल्या मॉनिटरला त्याची पाच-दहा मिनिटांची मोजणी आरामात पुरी करता येते, मग वडिलांनी भिंतीवरचं बटण बंद केलं तरी चालेल. तो यूपीएस वीज गेल्यावर ठोंब्यासारखा ओरडत राहतो, तेव्हा आवाज बंद करण्याची सोय असलेला बघा. नाहीतर वडील त्याचंही बटण बंद करतील.

बिल आणि वॉरंटीचा कागद जपून ठेवा. ग्राहक संरक्षणाचा २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला, त्यानुसार तुम्ही राहता किंवा काम करता तिथल्याच जिल्हा आयोगात तक्रार करता येते. म्हणजे कंपनीचं ऑफिस कुठल्याही महानगरात असो, अर्ज बुलडाण्यात देता येतो. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूला हा कायदा सहसा लागत नाही. पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतली असेल, मामेभावाच्या स्टुडिओसारखी, तर लागतो.

आणि खोकं फेकू नका. परत न्यायची वेळ आली तर आतल्या थर्माकोलसकट तेच लागतं. ते माळ्यावर बसत नाही, हे मला ठाऊक आहे. दिवाणाखाली आडवं सरकवा, आणि त्यात कुणी गोधड्या भरणार नाही याकडे लक्ष ठेवा.